शेगडी रात्री पडवीतच राहू द्या

पुणे, डिसेंबर

ती. आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणाली, "सकाळपासून दोघांचंही डोकं धरलंय, मळमळतंय. पित्त झालं असेल." वर हेही म्हणाली की अंगणात जरा फिरल्यावर बरं वाटलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. एकाच सकाळी दोघांना पित्त कसं होईल, आणि अंगणात गेल्यावर ते उतरेल कसं? म्हणून विचारलं, रात्री शेगडी कुठे होती? तर म्हणे खोलीत, दारं-खिडक्या लावून. आबा, फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणत फोन आईच्या हातात देता, म्हणून हे कागदावर लिहितेय.

मेढ्याचा गारठा मला माहीत नाही असं नाही. वर महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी आली की आपल्याकडे शेगडी निघणारच. आणि तुमचं म्हणणंही मला पाठ आहे: कोळसे बाहेर पेटवतो, धूर सगळा जाऊ देतो, लाल निखारे झाले की मगच शेगडी आत आणतो; धूरच नाही तर भीती कसली?

आबा, गोम इथेच आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, ठसका लावतो, झोपलेल्याला उठवतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो छातीत गेला की रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून त्यालाच धरून बसतं, तेही 200 पटींहून अधिक घट्ट. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, मग गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसाला गुंगी आलीय हे कळणार कसं?

"तुझी आजी जन्मभर शेगडी उशाशी घेऊन निजली" हे तुमचं ठरलेलं उत्तर. खरंय. पण आजी निजायची कौलारू घरात. कौलांच्या फटींतून चांदणं दिसायचं, दाराखालून मांजर ये-जा करायचं. आता आपण स्लॅब टाकला, सरकत्या काचांच्या खिडक्या बसवल्या, आणि उरलीसुरली फट आईने जुनं लुगडं कोंबून बुजवली. वारा अडला तशी हवाही अडली. आजी निभावली ती त्या फटींमुळे.

तेव्हा संध्याकाळी पडवीत बसा, हात शेका, शेंगा भाजा. झोपायला आत जाताना शेगडी बाहेरच राहू द्या. खिडकी बोटभर उघडी ठेवून शेगडी आत घ्यायची, ही पळवाटही नको. आणि पुन्हा कधी असं डोकं धरलं तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. दोघंही आधी मोकळ्या हवेत या, मग डॉक्टरकडे जा, आणि रात्री शेगडी आत होती हे त्यांना आठवणीने सांगा.

आता दादाने पाठवलेल्या हीटरचं. तो 2000 वॅटचा आहे, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. तुम्ही तो लावलाय टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डाला, आणि त्याचं सॉकेट 6 अँपिअरचं. व्हिडिओ कॉलवर मला प्लगच्या भोवती तपकिरी डाग दिसला. आई म्हणते तो चहाचा आहे. चहा भिंतीकडच्या बाजूला कसा सांडेल? प्लास्टिक भाजायला लागलंय ते. बोर्ड आजच काढून टाका. वायरमनला बोलावून 16 अँपिअरचं, जाड तीन पिनांचं सॉकेट भिंतीत बसवून घ्या, त्याला वायरही जाड घालायला सांगा आणि अर्थिंग तपासून घ्या. तोवर हीटर माळ्यावर.

नंतरही तो पलंग, पडदा, गोधड्या यांच्यापासून तीन फूट लांब हवा. आई, त्याच्या जाळीवर आबांची कानटोपी वाळत घालू नकोस, मी पाहिलंय. झोपण्याआधी तासभर खोली तापवा आणि गोधडीत शिरताना बंद करा. पुढची रात्र गोधडी आणि पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी काढतील.

मागच्या दारच्या बंबाबद्दल माझी तक्रार नाही, फक्त त्याची राख लगेच पेंढ्याच्या गंजीकडे नेऊन टाकू नका. वरून गार दिसली तरी आतला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो. पाणी मारा, मग टाका. आणि रात्री दाराला आतून कुलूप लावता, ती किल्ली आईच्या उशीखाली नको, दाराशेजारच्या खिळ्याला अडकवा. तिथेच भिंतीवर 101 आणि 112 ठळक लिहून ठेवा.

संक्रांतीला येतेय. येताना कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म आणीन. आबा, तो वाजला तर "बिघडलाय" म्हणून सेल काढायचे नाहीत, उठून बाहेर यायचं. अलार्म आला म्हणून शेगडी पुन्हा आत घ्यायची, असंही नाही.

वायरमन येऊन गेला की आईला नव्या सॉकेटचा फोटो पाठवायला सांगा. नुसतं "झालं काम" म्हटलेलं मी ऐकणार नाही.

तुमची,
वैशू