खरखर सेटमध्ये नसते, अँटेनातून येते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत हॅम रेडिओवर, म्हणजे छंद म्हणून घरून रेडिओवर लोकांशी बोलण्यावर, लेख छापलात त्याबद्दल आधी मनापासून आभार, मराठीत या विषयावर फारसं कोणी लिहीत नाही. पण लेखाच्या शेवटी "चांगला सेट घ्या आणि अँटेना जमेल तितका उंच लावा" एवढंच सांगून विषय संपवलाय आणि नव्या पोरांची फसगत नेमकी तिथेच होते. परीक्षा पास होतात, लायसन्स येतं, कॉलसाइन (रेडिओवरचं आपलं सांकेतिक नाव) मिळतो, घरच्यांना पटवून महागाचा रेडिओ सेट आणतात, गच्चीवर एक उभा अँटेना ठोकतात आणि ४० मीटर बँड (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) लावला की नुसतं खर्रर्र. मग सेटच खराब आहे म्हणून विकायला काढतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा सेटमध्ये काहीच बिघाड नसतो. खात्री करायची तर अँटेनाची केबल सेटच्या मागून काढून बघा, खरखर एकदम खाली गेली तर ती बाहेरूनच येतेय, मग दुप्पट किमतीचा सेट आणला तरी तीच ऐकू येणार.

शहरात यातली बरीचशी खरखर आपल्याच आजूबाजूची असते. स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर, विजेच्या खांबावरचा सैल पडलेला जोड. आता अशा जवळच्या आवाजाची लहर जमिनीला धरून येते, आणि जमिनीलगत आडवी (म्हणजे आडवी डोलणारी) लहर लवकर मरते, उभी टिकते. त्यामुळे उभा अँटेना हा आवाज जास्त गोळा करतो. लांबच्या देशांशी बोलायला उभा चांगला असतो हे खरंय, मी त्याच्या विरोधात नाही, पण सोसायटीच्या गच्चीवर ऐकायचं असेल तर ७ मेगाहर्ट्झला साधारण २० मीटर तार आडवी ताणून मधोमध केबल जोडलेला साधा डायपोल बऱ्याचदा जास्त शांत असतो. आणि तो फार उंच नसला तर सिग्नल बराचसा वर जाऊन खाली परततो, म्हणजे दिवसा नागपूर-कोल्हापूरची मंडळी नीट ऐकू येतात.

पण नुसता डायपोल टांगून भागत नाही, आणि हे कोणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. केबलची बाहेरची जाळी पण अँटेनासारखी वागते. आपण केबल गच्चीवरून डक्टमधून खाली आणतो, तिथेच लिफ्टची वायर, प्रत्येक फ्लॅटची लाइटची वायर, इंटरनेटची केबल असते, त्या सगळ्यांचा कचरा या जाळीवर चढतो, जाळीवरून वर जातो, डायपोलच्या जोडापाशी आत शिरतो आणि सिग्नलबरोबर खाली सेटमध्ये येतो. उपाय सोपा आहे. ३१ नंबर मिक्सची (मिक्स म्हणजे फेराइटचा प्रकार) मोठी फेराइट रिंग, म्हणजे चुंबकीय मातीची कडी, घ्यायची, तिच्यातून बारीक केबलचे दहा-बारा वेढे काढायचे आणि हा चोक अगदी अँटेनाच्या जोडाजवळ बसवायचा, सेटपाशी अजून एक बसवला तर उत्तमच. वेढे एकावर एक चढवू नका, शेजारी शेजारी ठेवा. आतला सिग्नल याने अडत नाही, फक्त जाळीच्या बाहेरून पळणारा करंट अडतो.

एवढं करूनही त्रास असेल तर पाठवायला एक आणि ऐकायला दुसरा असे दोन अँटेना ठेवा. मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर टेबलावर फिरवला की एका कोनात स्टेशन जवळजवळ गायब होतं हे आपण सगळ्यांनी लहानपणी बघितलंय, छोटा लूप अँटेना तसाच चालतो. एक-दीड मीटर रुंदीचं तारेचं कडं उभं धरून फिरवायचं आणि जिथे शेजारचा आवाज पडतो तिथे थांबायचं. सिग्नल पण थोडा कमी होतो, होऊ दे, खरखर त्याहून जास्त कमी झाली तर माणूस ऐकू येतो. सेटवरच्या सिग्नल मीटरचा काटा किती वर जातो यावर अँटेनाची परीक्षा करू नका हो, काय ऐकू येतं ते बघा.

दिशा बघणारा अँटेना काय करू शकतो याचं मला कायम आवडणारं उदाहरण इंजिनियर कार्ल जान्स्कीचं. अमेरिकेत बेल लॅब या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याला कामच हे दिलं होतं की अटलांटिकपार रेडिओ टेलिफोनला त्रास देणारी खरखर कुठून येते ते शोध. त्याने न्यू जर्सीत चाकांवर गोल फिरणारा भलामोठा अँटेना उभारला, २०.५ मेगाहर्ट्झचा, आणि जवळची वादळं, लांबची वादळं वेगळी काढल्यावर एक बारीक फुसफुस उरली जी चक्क आकाशगंगेतून येत होती. १९३३ मध्ये त्याने हे जाहीर केलं आणि रेडिओ खगोलशास्त्र, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अभ्यास, तिथून सुरू झालं. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० डिश उभ्या आहेत त्या त्याच शास्त्राच्या, आणि ती जागा निवडताना माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट तिथे कमी आहे हेही बघितलं होतं.

वळवाच्या दिवसांतला कडकडाट मात्र कुठलाही अँटेना पूर्ण थांबवत नाही. ढग आणि स्टेशन वेगवेगळ्या दिशांना असतील तर लूप थोडी मदत करतो, एकाच दिशेला असतील तर नाही. धुळीच्या वाऱ्यात आणि पावसात तारेवर चार्ज साठून जी सूं-सूं येते तिच्यासाठी तारेला जमिनीपर्यंत वाट ठेवा, म्हणजे चार्ज साठून राहत नाही. आणि वीज जवळ यायची वाट बघत ऐकत बसू नका, वादळ यायच्या आधीच सेट बंद करून केबल काढून घराबाहेर टाका.

शेवटी दोन विनंत्या. सोसायटीच्या कमिट्यांनी गच्चीवर एक बारीक तार ताणायला परवानगी द्यावी, त्याने कोणाच्या टीव्हीला काही होईल ही भीती बऱ्याचदा उगाच असते, आणि झालंच तर त्यावर उपाय आहेत. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून निरोप बाहेर पोचवणारे हॅमच होते, तेव्हा ऐकू येणं हा नुसता छंदाचा प्रश्न नाही. आणि तुम्ही पुढच्या एखाद्या पुरवणीत डायपोल, चोक आणि लूपची मापांसकट आकृती छापा, नवी पोरं ती कापून ठेवतील.

आपला,
एक हॅम वाचक, पुणे