ओढ्याकाठून

यॉर्कशायर,
८ जून

तीर्थस्वरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दिवसभर पाण्यात उभं राहायचं आणि धरलेला मासा परत सोडून द्यायचा, हा कुठला उद्योग?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. नीट सांगायला निवांतपणा हवा होता, म्हणून आज लिहायला बसले.

पहिलं म्हणजे, मी उभी नसतेच. रांगते. चाळिशी उलटलेली बाई ओल्या गवतातून गुडघ्यांवर सरकताना पाहून मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबतात.

इथले लोक अशा ओढ्याला 'बेक' म्हणतात. आमचा ओढा तर काही ठिकाणी ढांग टाकून ओलांडता येतो, डोहात तेवढं कमरेएवढं पाणी. खाली चुनखडीचा दगड, त्यामुळे तळाचा गोटान् गोटा दिसतो. पण आपल्याला मासा दिसतो तेव्हा त्यालाही आपण दिसतो, हीच अडचण. मी धरते तो मासा म्हणजे ट्राऊट. ती प्रवाहाकडे तोंड करून एका जागी तरंगत राहते. खाणं वाहत तिच्यापर्यंत येतं, तिने फक्त तोंड उघडायचं. म्हणून आपण खालच्या अंगाने, तिच्या पाठीमागून जायचं. पाण्याबाहेरचं जग तिला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. जमिनीलगतच्या गोष्टी त्या खिडकीच्या कडेला दबून जातात, म्हणून वाकलेला माणूस बराचसा लपतो. ताठ उभा राहिला की संपलं. आणि पाय आपटला तर तिला बघायचीही गरज नाही, अंगावरच्या बारीक रेषेतून तिला पाण्यातली थरथर कळते.

गेल्या शनिवारी एका ऑल्डरच्या झाडाच्या मुळांपाशी, वेगाचं आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं तिथे, एक वर्तुळ उमटलं. लहानसं, थेंब पडावा तसं. मी दहा मिनिटं नुसती बघत बसले. दर थोड्या वेळाने नाकाचं टोक वर यायचं आणि वाहत आलेली मेफ्लाय नाहीशी व्हायची. ही माशी वर्ष-दोन वर्षं तळाच्या गाळात काढते, आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखाद-दोन दिवस जगते. त्या दिवसांत ती काही खातही नाही.

आमच्या गळाला आमिष नसतं, तर केसांची आणि पिसांची बांधलेली खोटी माशी. तिला वजन कसलं? वजन असतं ते दोरीला, आणि तीच माशीला पुढे नेते. पण डोक्यावर फांद्या, गळाची काठी फिरवायला जागा नाही. मग हूक चिमटीत धरून मागे ओढायचा, काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडायचं. पहिल्यांदा माशी फांदीत अडकली. दुसऱ्यांदा बरोबर पडली, पण वेगाच्या पाण्याने दोरी ओढली आणि माशी पाण्यावर रेघ काढत निघाली. खरी माशी असं कधीच करत नाही. ट्राऊट वर आली, बघितलं, खाली गेली. त्या एका वळण्यात जो तुच्छतेचा भाव होता, तो मी ऑफिसातही पाहिलेला नाही.

बराच वेळ थांबून तिसऱ्यांदा टाकली. माशी दोन हात सुटी वाहिली आणि गडप झाली.

वीतभर मासा, बाबा! धरण्याआधी हात ओले करायचे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. लोण्यासारखं पिवळं पोट, पाठीवर काळे ठिपके, कुशीवर लाल, आणि लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं. हीच जात समुद्रात उतरली तर चंदेरी होऊन कितीतरी मोठी होऊन परत येते. १८६४ साली इंग्लंडातून हिची अंडी शेवाळात आणि बर्फात बांधून जहाजाने टास्मानियाला नेली होती; माणसं या माशासाठी काय काय करतील सांगता येत नाही.

नियम बरेच आहेत. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला काठीचा परवाना लागतो, वर ओढ्याच्या मालकाची परवानगी वेगळी. इथल्या नद्या-ओढ्यांत १ ऑक्टोबर ते २४ मार्च हा मासा धरायला बंदी, कारण मादी हिवाळ्याच्या तोंडाशी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घालते. उन्हाळ्यात मी थर्मामीटरही नेते. पाणी २० अंशांजवळ गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, दमलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही. मग काठी गुंडाळून घरी. आणि माझ्या हुकाला उलटा काटा नसतो, क्षणात सुटतो.

शनिवारचीही तशीच सुटली. तोंड प्रवाहाकडे करून हातात धरली होती. दोन-तीनदा कल्ले हलले, मग अंगठ्याजवळून एक जोराचा झटका, आणि ती सरळ त्याच मुळांखाली. मला मात्र लगेच उठता येईना, दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

आईला सांगा, गुडघ्यांना बांधायच्या गाद्या घेतल्या आहेत. काळजी नको.

तुमची,
धाकटी