पाचोळा जाळू नका, आम्हाला चालायचे आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मला फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि मी रोज सकाळी फिरायला जाते. या दोन गोष्टी एकदम सांगितल्या की लोक गोंधळतात. आजार चौथ्या टप्प्यातला आहे, तो समूळ जाणार नाही, हे मला आणि घरच्यांना ठाऊक आहे. पण गाठीच्या तुकड्याची तपासणी केली तेव्हा ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला आणि त्यावर रोज घ्यायची गोळी मिळाली. अशा गोळ्यांवर अनेक रुग्णांना काही वर्षे मिळतात. ती वर्षे दवाखान्याच्या खाटेवर जात नाहीत, घरात जातात. भाजी निवडण्यात, नातवंडांचा अभ्यास घेण्यात, शेजारणीशी गप्पा मारण्यात.

हे रोजचे जगणे कसे असते ते थोडे सांगते, म्हणजे पुढची विनंती समजेल. गोळीची वेळ ठरलेली. तिच्यामुळे चेहऱ्यावर पुरळ येते, नखांच्या कडा चिरतात, मधूनच पोट बिघडते. अंगातली शक्ती कधी कधी दुपारीच संपते. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायचे, ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडायचा आणि मगच पुढची पायरी. फोडणीचा ठसका लागतो म्हणून मिरचीची फोडणी आता सूनबाई देते आणि मी दुसऱ्या खोलीत बसते. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल घरातून गेली. देवापुढे फक्त निरांजन असते. दर काही महिन्यांनी स्कॅन येतो आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. फुप्फुसाभोवती पाणी साठले होते तेव्हाचे दिवस आठवले की अजून छाती दडपते.

भेटायला येणारी माणसे प्रेमाने येतात, पण पहिला प्रश्न बहुतेकदा एकच: घरात कुणी सिगारेट ओढायचे का? तंबाखू हे या आजाराचे सर्वांत मोठे कारण आहे, त्यात शंका नाही. तरीही कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या रुग्णांचे प्रमाण आपल्या देशात मोठे आहे, त्यांत बायका पुष्कळ. आणि ज्याने ओढली, त्याला तरी दम लागलेला असताना हा जाब का द्यायला लावायचा?

या सगळ्यात डॉक्टरांनी निक्षून सांगितलेली एक गोष्ट म्हणजे चालणे. चालले की थकवा कमी होतो, भूक लागते, झोप येते, मन ताळ्यावर राहते. मी याचा अनुभव घेते आहे. ज्या दिवशी चालणे होते तो दिवस माझा असतो. म्हणून सांगते, मला या शहरात सर्वांत जास्त त्रास कशाचा होत असेल तर सकाळी पेटवलेल्या पाचोळ्याचा.

थंडी पडली की हे सुरू होते. झाडलोट होते, रस्त्याच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर, अगदी बागेच्या कुंपणालगतही ढीग लागतात आणि कुणीतरी काडी ओढते. त्यात दुधाच्या पिशव्या, कुरिअरची वेष्टने, थर्मोकोलही असते. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे धूर वर जात नाही, गल्लीतच रेंगाळतो. त्यातले अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून लहान असतात, ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. धडधाकट माणूस रुमाल लावून पुढे जातो. मला खोकल्याची उबळ आली की कठडा शोधावा लागतो, आणि मग तो दिवस घरातच. दमेकरी, टीबीतून उठलेले, लहान मुले यांचेही तेच.

निफाडकडे पारा उतरला की शेतकरी द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात. वर्षाचे पीक वाचवायची धडपड असते ती, तिला मी बोल लावणार नाही. शहरात पाचोळा जाळण्यामागे अशी कोणती निकड आहे? तो कुजवला की खत होतो, कुंड्यांत पसरला की पाणी कमी लागते. गच्चीवर बाग करणारी मंडळी तर पोती भरून न्यायला तयार असतात.

नियम नाही असेही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. त्याच्या तीन वर्षे आधी, २०१३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रदूषित हवेला कर्करोगकारक म्हटले. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची आहे त्यांत नाशिक आहे. हे वाचून मला फार वाईट वाटते, कारण हवापालटासाठी लोक जिथे येत ती देवळाली याच नाशिकला लागून आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिब या माझ्यासारख्यांच्या गोळीवरचे सीमाशुल्क माफ झाले, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. गोळी दिल्लीत बसून स्वस्त करता येते. सकाळची हवा मात्र आपल्यालाच राखावी लागेल.

महापालिकेला विनंती आहे की प्रत्येक उद्यानात पाचोळ्यासाठी खड्डा किंवा जाळीचा पिंजरा करावा, घंटागाडीवर वाळलेल्या पानांसाठी वेगळा दिवस ठेवावा आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांवर धूळ बसवायला सकाळी पाणी मारावे. सोसायट्यांनीही झाडणाऱ्या मावशींना फक्त 'जाळू नका' म्हणून चालणार नाही. ढीग टाकायचा कुठे, ते आधी ठरवून द्यावे. थंडीत कुडकुडत झाडणाऱ्या त्या बाईंच्याही छातीत तोच धूर जातो.

आपल्या दैनिकाकडे एक मागणे आहे. कचरा जाळल्याची तक्रार आपल्या प्रभागात कुठे करायची, ते संपूर्ण हिवाळाभर ठळक चौकटीत छापावे. दम लागलेल्या माणसाला ढिगाजवळ उभे राहून वाद घालता येत नाही, फोन मात्र करता येतो.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे.)