स्पेक्ट्रमवरील खेळांची दखल घ्यावी

महोदय,

जुन्या संगणकीय खेळांविषयी लिहिताना जपानी आणि अमेरिकी खेळांचाच उल्लेख होतो. १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक मात्र उपेक्षित राहतो. पुण्यातील डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन तो भारतातही विकला होता, त्यामुळे मराठी वाचकांना तरी तो परका वाटू नये.

या यंत्रावरील सर्वोत्तम खेळ माझ्या मते 'नाइट लोर' (१९८४) हाच. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर ८ बाय ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग मावत, त्यामुळे एक आकृती दुसरीवरून सरकली की रंगांचा घोटाळा होई. हा खेळ बनवणाऱ्या 'अल्टिमेट' कंपनीच्या मंडळींनी प्रत्येक दालन एकाच रंगात रेखाटून ही अडचण टाळली आणि तिरप्या कोनातून पाहिल्यासारखा असा काही खोलपणा साधला, की भिंतीआड काय असेल याची आजही उत्सुकता वाटते. रात्र होताच नायक तडफडत लांडग्याचे रूप घेतो, तो क्षण तर विलक्षणच.

मॅथ्यू स्मिथ यांच्या 'मॅनिक मायनर'मध्ये (१९८३) २० गुहा आहेत आणि खेळ चालू असताना संगीतही वाजते. ध्वनीसाठी वेगळी चिप नसलेल्या ४८ केबी मेमरीच्या यंत्रावर हे साधणे सोपे नव्हते.

हे खेळ ज्यांवर मिळत, त्या कॅसेटची चुंबकीय फीत काळानुसार खराब होते. ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेट पडून असतील त्यांनी त्या भंगारात न देता त्यांची डिजिटल प्रत करून घ्यावी, असे आवाहन आपल्या दैनिकाने करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे