पिवळी काडी

कुलाबा, मुंबई
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास आणि माझ्या डोक्यातून ते जाईना. कुप्प्याच्या, म्हणजे ट्यूना माशाच्या पाठीत, मागच्या पराजवळ पिवळी प्लास्टिकची काडी रुतली होती आणि खलाशाने ती उपटून पाण्यात भिरकावली. अरे, तो कचरा नव्हता!

कुणीतरी तो मासा जिवंत धरला, मोजला, काडी टोचली आणि परत सोडला. काडीवर नंबर असतो. सोडल्याची जागा, तारीख, लांबी त्या नंबरापुढे लिहिलेली. पकडणाऱ्याने आपल्याकडची तेवढीच माहिती कळवली की मासा कुठून कुठे आला, किती दिवसांत किती वाढला, सगळं उलगडतं. 2005 ते 2009 मध्ये हिंदी महासागरात 1,68,000 हून जास्त कुप्पे असे सोडले होते. तो सारा हिशोब तुझ्यामाझ्यासारख्यांच्या भरवशावर!

आता अशा काडीऐवजी उपग्रहाला संदेश धाडणारे टॅगही आहेत. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राने आपल्या पाण्यात पिवळ्या पराच्या कुप्प्यांना लावलेत. पण पाण्याखालून संदेश उपग्रहापर्यंत जात नाही, म्हणून टॅग महिनोन्महिने खोली, तापमान आणि उजेड टिपत राहतो. ठरल्या दिवशी माशापासून सुटतो, वर येऊन तरंगतो आणि मग बोलतो. उजेडावरून जागा कशी काढतात ठाऊक आहे? माशाची दुपार किती वाजता झाली, त्यावरून तो पूर्वेला की पश्चिमेला. दिवस किती मोठा होता, त्यावरून उत्तरेला की दक्षिणेला. मार्च-सप्टेंबरात दिवस-रात्र सगळीकडे सारखे, तेव्हा हा दुसरा हिशोब फसतो. आपले आजोबा ताऱ्यांवरून वाट काढायचे, हा मासा सूर्यावरून सापडतो. मला हे फार सुंदर वाटतं.

आणि खोली! पिवळ्या पराचा कुप्पा बहुतेक वेळ वरच्या कोमट पाण्यात असतो. पण सेशेल्सजवळच्या एकाने हजार मीटरहून खोल बुडी मारल्याची नोंद आहे. आपण अख्खं आयुष्य हा मासा विकला, बाळू, आणि त्याच्याबद्दल काय ठाऊक होतं आपल्याला?

तेव्हापासून पहाटे ससून डॉकात कुप्पा उतरला की आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. अजून काही सापडलं नाही.

तू एवढं कर. बोटीच्या तांडेलाला सांग, काडी दिसली तर ती जपून ठेवायची आणि लगेच वहीत जागा, तारीख, थोबाडापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी लिहायची. काडी माझ्याकडे पाठव. भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षणाचं मुख्यालय इथेच आहे, मी स्वतः नेऊन देईन. ज्या खलाशाने ती फेकली त्याला रागावू नकोस, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दिन्या