इम्प्लांटभोवती पू आला, तर नुसत्या गोळ्या पुरत नाहीत

महोदय,

इम्प्लांटभोवतीच्या (दाताच्या जागी हाडात बसवलेल्या स्क्रूभोवतीच्या) हिरडीतून पू आला की पाच दिवस अँटिबायोटिक घ्यायचे आणि सूज उतरली की विसरून जायचे, हे सर्रास चालते. हे थांबायला हवे. गोळ्यांनी पू तात्पुरता आटतो, पण स्क्रूच्या आट्यांत चिकटलेला जिवाणूंचा थर तसाच राहतो आणि हाड झिजत जाते. दाताला हाडाशी बांधणारे तंतू असतात, तसे इम्प्लांटला नसतात. त्यामुळे संसर्गाला आत शिरायला वेळ लागत नाही. शिवाय बहुधा दुखत नाही आणि तळाशी थोडे हाड शिल्लक असेपर्यंत इम्प्लांट हलतही नाही. पहिली खूण म्हणजे ब्रश करताना येणारे रक्त. तेव्हाच सफाई झाली तर हाड वाचते.

जुन्या नोंदी नसतील तर हा आजार ओळखण्याचे हिरड्यांच्या आजारांवरील २०१७च्या जागतिक कार्यशाळेचे निकष सोपे आहेत: प्रोबिंग (हिरडी आणि इम्प्लांटमधली फट बारीक सळईने मोजणे) केल्यावर रक्त किंवा पू, फटीची ६ मिमी वा अधिक खोली आणि एक्स-रेत ३ मिमी वा अधिक खाली गेलेले हाड. आधी कॅप (इम्प्लांटवरचा कृत्रिम दात) काढता येत असेल तर काढून हिरडीखालची सफाई करावी. कॅप चिकटवताना आत राहून गेलेले सिमेंट इथे हमखास शोधावे. गालाच्या किंवा जिभेच्या बाजूचा कण एक्स-रेत दिसत नाही. ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा मोजावे. खोली ६ मिमीच्या खाली आली नसेल आणि रक्त येतच असेल, तर हिरडी उघडावी लागते.

उघडल्यावर आट्यांभोवती लाल, लिबलिबीत, हात लावताच रक्त येणारा थर दिसतो. तो पूर्ण काढून टायटॅनियमचा ब्रश आणि सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने प्रत्येक आटा पुसावा. हाडातला खड्डा किमान ३ मिमी खोल आणि हाडाच्या भिंतींनी वेढलेला असेल, तर बोन ग्राफ्टचा (खड्ड्यात हाडासारखे कण भरण्याचा) उपयोग होतो. भिंतीच नसतील तर ग्राफ्ट टिकत नाही. तिथे हिरडी खाली बसवून आटे ब्रशच्या आवाक्यात आणणे बरे. समोरच्या दातात ते दिसतील, हे रुग्णाला आधीच सांगावे. आणि ग्राफ्टनंतर एक्स-रेत दिसणारा पांढरेपणा म्हणजे इम्प्लांटला पुन्हा जुळलेले हाड, असे सांगू नये. ते बऱ्याचदा ग्राफ्टचे कणच असतात.

तंबाखू, मशेरी सुटली नाही, साखर आटोक्यात नसली, दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी झाली नाही, तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते.

रुग्णांनी एक गोष्ट आग्रहाने मागावी. कॅप बसेल त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्यावा, आणि त्या दिवशीची हाडाची पातळी, इम्प्लांटची कंपनी व माप लिहिलेले कार्ड घ्यावे. पहिला एक्स-रे नसेल तर हाड तेव्हापासून नेमके किती झिजले हे ठरवता येत नाही आणि कंपनी ठाऊक नसेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे त्या स्क्रूला बसणारा ड्रायव्हरही नसतो.

— हिरड्यांच्या आजारांवर उपचार करणारे दंतवैद्य, कोल्हापूर