उतारा कुठे मोजला, तेही छापा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

परदेशातल्या मराठी माणसांच्या छंदांवरची आपली पुरवणी आम्ही इथे विस्कॉन्सिनमध्ये आवडीने वाचतो. गेल्या अंकातल्या घरगुती बिअरच्या लेखात एक कृती होती: ५ किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे), २० लिटर बिअर, आंबण्याच्या सुरुवातीची घनता १.०५६, एफिशियन्सी म्हणजे उतारा ७५ टक्के. माझे जावई गॅरेजमध्ये हाच उद्योग करतात आणि त्यांच्या वहीचा हिशेब माझ्याकडे असतो. उभी हयात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे टक्केवारी दिसली की ती कशाची आणि कुठे मोजली, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. लेखात ते नव्हतं.

१ किलो पेल माल्टमधलं उतरण्याजोगं सगळं पाण्यात उतरलं, तर १० लिटरची घनता साधारण १.०३० भरते. पाण्याच्या १.००० वरचे हे ३० गुण, गुणिले १० लिटर, म्हणजे किलोमागे ३०० गुण. ५ किलोंचे १,५००, त्याचे ७५ टक्के १,१२५. इथवर वाद नाही. पण हे १,१२५ गुण उकळी संपलेल्या केटलमधले की आंबवायच्या टाकीतले? आमच्या केटलमध्ये उकळून झाल्यावर २३ लिटर वर्ट (माल्टचा गोड रस) असतो, टाकीत २० जातो. बाकीचे ३ लिटर तळाच्या हिरवट लगद्यात, नळीत आणि वर्ट थंड करायच्या यंत्रात अडकतात. ७५ टक्के टाकीत धरले तर घनता १.०५६ येते, केटलमध्ये धरले तर १.०४९. यीस्टने त्यातले तीन चतुर्थांश गुण खाल्ले, तर एका बिअरमध्ये साडेपाच टक्के अल्कोहोल आणि दुसरीत पाचाच्याही जरा खाली. कृती तीच, माल्ट तेवढंच!

कारखान्यात हे दोन आकडे कोणी एकात कालवत नाही. गिरणीने उसातली किती साखर रसात आणली हा एक, शेवटी पोत्यात किती पडली हा दुसरा. मधली प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) आणि मळीत जाते. पोती कमी भरली म्हणून कोणी आधी गिरणीचे रोलर आवळायला धावत नाही. घरी बिअर करणारे मात्र तेच करतात. घनता कमी आली की माल्ट आणखी बारीक दळायचं. मग टरफलांचा चुरा होतो, गाळणी तुंबते आणि सबंध रविवार तिच्यापुढे हात जोडून बसण्यात जातो. दुखणं बहुतेकदा सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या आकड्यात असतं.

बिअरस्मिथ या सॉफ्टवेअरच्या चौकटीत आपण भरायची ती एकूण, म्हणजे टाकीपर्यंत पोचलेली टक्केवारी. गाळात जाणारे लिटर वेगळे भरले की मॅशची, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून केटलपर्यंत आणलेली, टक्केवारी किती लागेल, ते उलट हिशेब करून तेच दाखवतं. आपल्या लेखातले ७५ मी आमच्या मापांसह घातले, तर मॅशची टक्केवारी ८६ निघते. दुकानातून जाडसर भरडून आणलेल्या माल्टवर ८६ म्हणजे फारच झाले. अनेक जण केटलमध्ये मोजलेला आकडा या चौकटीत टाकतात आणि वर गाळही भरतात. मग सॉफ्टवेअर दाखवतं ती घनता कधीच येत नाही.

शिवाय एकच आकडा सगळ्या कृतींना लावून चालत नाही. हॉप्स (कडवटपणासाठी घालायची फुलं) भरपूर घातले की लगदा वाढतो आणि टाकीचा आकडा पडतो; मॅशमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. १.०८० ची कडक बिअर करायची तर माल्ट जास्त, चोथा जास्त, आणि चोथा किलोमागे जवळजवळ लिटरभर रस धरून ठेवतो, तोही दाट. तिथे मॅशचाच आकडा घसरणार. मोठा आकडा मिळवण्याची चुरस मला तरी पटत नाही. कारखान्यात अर्धा टक्का उतारा म्हणजे कोटींची गोष्ट. गॅरेजात अर्धा किलो माल्ट जास्त घातलं की काम भागतं. तशाच बिअरला दर वेळी ६८ येत असतील तर ६८ भरावेत आणि निवांत असावं.

मापाबद्दल एकच सांगतो. जावयांच्या केटलमध्ये बुडवायला मी स्टीलची पट्टी लिटरच्या खुणा पाडून दिली आहे, पण उकळत्या वर्टचं माप सुमारे ४ टक्के फुगलेलं असतं. थंड झाल्यावर २३ भरणारा वर्ट उकळताना २४ दिसतो, आणि तेवढ्यावर टक्केवारी तीन अंकांनी वाढते. घनता मोजायचा हायड्रोमीटरही ज्या तापमानाला, बहुधा २० अंश सेल्सिअसला, जुळवलेला असेल, त्याच तापमानाला वाचावा.

तेव्हा अशी कृती छापताना टक्केवारीसोबत ती केटलची की टाकीची, आणि केटलमध्ये व टाकीत किती लिटर, एवढं छापावं. अर्ध्या ओळीची जागा लागेल.

आणखी एक ओळ त्या लेखात हवीच होती. अमेरिकेत १९७८ सालच्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर घरापुरती, न विकता, करमुक्त करता येते. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. पुरवणी कोल्हापुरातही वाचली जाते.

आपला,
एक निवृत्त साखर रसायनज्ञ,
मॅडिसन (विस्कॉन्सिन)